सांबराचे वाटे

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या अनेक शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे असतात. दोन त्रिकोणांचा माणूस, मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. अशा चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात बहुधा एक शिकारीही सापडतो. हातात तीरकमठा ताणलेला, पुढे शिंगांचे जनावर झेप घेत असलेले, मागे एखादा कुत्रा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर ही कला भिंतीवरून कागदावर आणली, तेव्हापासून असे शिकारी देशोदेशी पोहोचले आहेत.

चित्र तीर सुटण्यापाशी थांबते. इतिहासाच्या दृष्टीने खरी गंमत तिथून पुढे सुरू होते. जनावर पडले, पुढे काय? ते मांस कोणाच्या घरी गेले? कोणी ठरवले? ज्याने मारले त्याचे ते होते, की ज्याच्या जमिनीवर पडले त्याचे, की सगळ्या पाड्याचे? हे प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातले वाटतात. पण डहाणूच्या जंगलाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नांच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. या लेखात आपण त्या मांसाच्या मागे मागे जाऊ.

सांबर म्हणजे किती मांस?

आधी जनावराची ओळख. सांबर हे भारतातले सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर दोनशे ते तीनशे किलोंपर्यंत भरतो. त्याला दरवर्षी गळून पडणारी फांद्यांची शिंगे येतात. उत्तर अमेरिकेतल्या डोंगरांत एल्क किंवा वापिटी नावाचे जे मोठे हरीण आहे, ते याच कुळातले, सांबराचे दूरचे भावंड म्हणता येईल. मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सांबर आजही आहे. उत्तर कोकणच्या डोंगरांत एके काळी ते कितीतरी अधिक भागात होते.

दोनशे किलोंचे एक सांबर घेऊ. कातडे, शिंगे, हाडे, आतडी वगळली तर खाण्याजोगे निव्वळ मांस साधारण ७५ किलो उरते. सहा माणसांच्या घराला एका वेळेला भरपूर म्हणजे दोन किलो धरू. म्हणजे एक घर हे जनावर एकट्याने खाऊ लागले, तर त्याला ३७ जेवणे लागतील. दोन्ही वेळा खाल्ले तरी अठरा-एकोणीस दिवस.

इतके दिवस मांस टिकणार कसे? डहाणूची हवा दमट. उन्हाळ्यात पारा तिशीच्या वरच असतो. अशा उष्ण हवेत मांसावरचे जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जीवाणूपासून सुरुवात करून, अर्ध्या तासाला दुप्पट या हिशेबाने बारा तासांत किती होतील, हे मुलांना काढायला सांगावे. २ चा २४ वा घात, म्हणजे एक कोटी ६७ लाखांच्या वर. सकाळी मारलेले जनावर संध्याकाळी संशयास्पद आणि दुसऱ्या दिवशी फेकण्याजोगे, ही गोष्ट पाड्यावरच्या माणसाला घाताचे गणित न शिकताही ठाऊक होती. मांसाच्या पट्ट्या कापून सुकवता येतात हे खरे, पण त्याला वेळ, मीठ आणि ऊन लागते, आणि तरीही सगळे काही सुकवता येत नाही.

आता तेच ७५ किलो ३७ घरांत वाटले, तर एका जेवणात संपते. लहानशा पाड्यात साधारण एवढीच घरे असतात. सांबराचा आकार आणि पाड्याचा आकार असा जुळून येतो हा अर्थात योगायोग. पण वाटून टाकणे हा निव्वळ मोठ्या मनाचा भाग नव्हता, एवढे त्यातून दिसते. शेजाऱ्याचे पोट हीच त्या काळी मांस साठवण्याची सर्वांत चांगली जागा होती. आज मी तुला दिले, उद्या तू मला देशील.

‘उद्या’ किती दिवसांनी येतो?

या ‘उद्या’वर मानवशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ डहाणू सोडून आफ्रिकेत जावे लागेल, कारण शिकारीचे दिवसागणिक हिशेब तिथे ठेवले गेले. टांझानियातले हादझा लोक धनुष्यबाणाने मोठ्या जनावरांची शिकार करतात. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्यांच्यात राहून नोंदी केल्या. एका शिकाऱ्याला मोठे जनावर मिळण्याचा योग साधारण २९ दिवसांतून एकदा येतो, असे त्यांना आढळले. तेही आयुष्यभर हेच करणाऱ्या तरबेज माणसांना!

सोपेपणासाठी ‘तीस दिवसांतून एकदा’ धरू आणि हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात करून पाहू. एखाद्या दिवशी हात हलवत परत येण्याची संभाव्यता २९/३०. सलग तीस दिवस रिकाम्या हाताने येण्याची संभाव्यता २९/३० चा ३० वा घात, म्हणजे सुमारे ०.३६. एकट्याने शिकार करून एकट्याने खाणाऱ्याच्या घरी तीनांपैकी एका महिन्यात मांसाचा तुकडाही शिजणार नाही. आता असे वीस शिकारी आहेत आणि कोणालाही मिळाले तरी वाटून घ्यायचे ठरले आहे, असे समजा. एखाद्या दिवशी विसांपैकी कोणालाच काही न मिळण्याची संभाव्यता २९/३० चा २० वा घात, म्हणजे जवळजवळ निम्मी. आणि सबंध आठवडा कोणालाच काही न मिळण्याची? २९/३० चा १४० वा घात. हे उत्तर शंभरात एकाहूनही कमी येते. एकूण शिकार तेवढीच, तीर तेवढेच. फक्त वाटून घेतल्याने उपाशी महिना जवळजवळ नाहीसा होतो. विमा कंपन्या याच गणितावर चालतात.

हे गणित वारल्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही. एक तर ते शेतकरी आहेत. भात, नागली, वरई हे त्यांचे मुख्य अन्न, शिकार ही जोड. दुसरे, सह्याद्रीतली पारध बहुधा हाक्याची. काहीजण ओरडत, डबे-ढोल बडवत जनावर उठवतात आणि बाकीचे ठरलेल्या वाटांवर दबा धरून बसतात. तिथे वीस माणसांचे वीस स्वतंत्र प्रयत्न नसतात, सगळ्यांचा मिळून एकच असतो. पण त्यामुळे वाटणीचा प्रश्न आणखी टोकदार होतो. तीर ज्याचा लागला त्याच्यासमोर जनावर आले, ते दुसऱ्याने हाकले म्हणून. मग शिकार कोणाची?

वाट्याचे नियम

सह्याद्रीपासून बस्तरपर्यंत सामुदायिक पारधीच्या ज्या रीती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांचा गाभा सारखा आहे. ज्याच्या तीराने किंवा बाराने जनावर पडले त्याला एखादा जादा भाग मिळतो. कुठे मुंडी, कुठे फरा. तो त्याचा मान. बाकीच्याचे, पारधीत आलेल्या प्रत्येकामागे एक, असे सारखे वाटे. हाका घालणाऱ्यालाही तेवढाच आणि वाटेवर बसून राहिला पण ज्याच्याकडे जनावर फिरकलेच नाही त्यालाही तेवढाच. कुत्र्याचा वाटा वेगळा, तो अर्थात त्याच्या मालकाच्या घरी जातो.

वाटे घालण्याची पद्धत आपल्याकडे खेडोपाडी आजही दिसते. चार-आठ घरे मिळून एखादा बोकड घेतात, तेव्हा पळसाच्या किंवा सागाच्या पानांवर ढीग मांडतात. प्रत्येक ढिगात थोडे मांस, थोडे हाड, थोडी कलेजी, थोडी चरबी. नुसते वजन सारखे करून भागत नाही, प्रत्येक प्रकारचा तुकडा प्रत्येक ढिगात पडावा लागतो. हे काम गावातला एखादाच माणूस करतो आणि त्याच्या हाताला वजनकाट्याइतकाच मान असतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाल्यावर मासळीचेही असेच वाटे पडतात.

सारखे वाटे करायचे कसे, हा प्रश्न गणितज्ञांनाही सुचला आहे. पोलंडचे ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये ‘न्याय्य वाटणीचा प्रश्न’ या विषयावर लेख लिहिला आणि पुढे गणिताची ती एक शाखाच झाली. दोघांसाठी तोडगा जुनाच आहे, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. तिघांसाठी, पाचांसाठी काय? गुळाची एक ढेप आणि पाच मुले घेऊन हा प्रयोग वर्गात करता येतो. मुलांमध्ये जी भांडणे होतील ती सारी स्टाइनहाउसच्या लेखात बसणारी असतील.

कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांची रीत आणखी वेगळी आहे. तिथे जनावर मारणाऱ्याचे नसते, ज्याचा बाण लागला त्या बाणाच्या मालकाचे असते. आणि बाण तर एकमेकांना सतत दिले-घेतले जातात. त्यामुळे स्वतः कधीही शिकारीला न गेलेली म्हातारीसुद्धा मांस वाटण्याची मालकीण ठरू शकते. रिचर्ड ली या मानवशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये एक किस्सा प्रसिद्ध केला. नाताळसाठी त्याने एक चांगला धष्टपुष्ट बैल विकत घेऊन सगळ्यांना द्यायचे ठरवले. तर जो तो येऊन त्या बैलाची टिंगल करू लागला. हा नुसता हाडांचा सापळा आहे, याच्यावर कोणाचे पोट भरणार! ली बिचारा खट्टू झाला. मागाहून त्याला कळले की तिथे मोठी शिकार करणाऱ्याशी नेहमी असेच बोलतात. जास्त मांस आणणाऱ्या तरुणाच्या डोक्यात हवा जाऊ नये, त्याने बाकीच्यांना आपले मिंधे समजू नये, यासाठी ही खबरदारी.

म्हणजे वाटून घेणारे लोक स्वभावानेच भोळे आणि उदार असतात, अशी आपली जी समजूत असते ती काही खरी नाही. वाटणीत बारीक हिशेब असतो, टोमणे असतात, मागच्या वर्षी कोणी हात आखडता घेतला याची आठवण असते. पारधीला पुरुष जातात, बायका जात नाहीत, वाट्याचा निर्णयही पुरुषांचा. पण वाटा पुरुषाच्या हाती पडला तरी तो शिजतो घरात, आणि घरातून कोणाला वाटीभर जाणार हे बाई ठरवते. पलीकडच्या पाड्यावर दिलेली लेक, आजारी दीर, एकटी राहणारी चुलती. पहिल्या वाटणीत सगळ्यांना सारखे आणि दुसऱ्या वाटणीत आपल्या माणसांना, असे दोन टप्पे होतात.

या दुसऱ्या टप्प्याविषयी पॅराग्वेतल्या आचे जमातीचा अभ्यास बोलका आहे. हिलार्ड कॅप्लन आणि किम हिल यांनी १९८५ मध्ये दाखवले की जंगलात भटकत असताना आचे शिकाऱ्याच्या बायकोमुलांना त्याच्याच शिकारीतून इतरांपेक्षा जास्त मांस मिळत नसे. पुढे हेच लोक वसाहतींत स्थिरावले, शेती करू लागले, तेव्हा वाटणी आकसली. ती नातलग आणि लगतचे शेजारी यांच्यापुरती राहिली. भिंत आली, कणगी आली की वाट्याचा घेर लहान होतो.

वाटणी फक्त मेलेल्या जनावराचीच होते असेही नाही. कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारपद्धतींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तित्तरासारखे पक्षी धरत. वैदूंचा भर सापळे लावून मुंगूस, उदमांजर अशी लहान जनावरे पकडण्यावर. एकाच माळावर तीन जमाती आणि तिघांची सावजे वेगळी! हे वाटे शिकारीच्या आधीच पडलेले होते, पिढ्यान् पिढ्या. आपल्या वाट्याचे जनावर उद्याही लागणार आहे हे ठाऊक असेल, तर माणूस ते जपून मारतो, असा गाडगीळ-मल्होत्रांचा तर्क. त्यावर मतभेद आहेत, पण तर्क विचार करायला लावणारा आहे.

मालक बदलला

आता पुन्हा डहाणूला येऊ. मुंबई-बडोदा रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली आणि डहाणूचे जंगल मुंबईच्या दारात आले. सागाच्या ओंडक्यांना, जळाऊ लाकडाला, कोळशाला मुंबईत न संपणारे गिऱ्हाईक होते. १८७८ चा भारतीय वन कायदा झाला आणि जंगलाचे ‘राखीव’ व ‘संरक्षित’ असे भाग पडू लागले. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे, सापळे वा फास लावणे हे गुन्हे ठरले. हीच यादी १९२७ च्या वन कायद्यातही कायम राहिली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या जंगलबंदीविरुद्ध इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यातल्या तक्रारी मुख्यतः राब, लाकूड, चराई यांच्या. शिकारीची बाजू मांडायला कोण येणार होते?

त्याच काळात दुसऱ्या प्रकारची शिकार जोरात होती. साहेब, संस्थानिक, बडे जमीनदार यांची. हाकारे घालायला माणसे आसपासच्या गावांतूनच येत. हाका तोच, रान तेच, जनावर तेच. पण साहेबाला शिंगे आणि डोके हवे असे, भिंतीवर लावायला. मांस तो बहुधा हाकेकऱ्यांना देऊन टाकी. वरवर पाहता वाटणी चालूच होती. फरक असा की आता मांस वाटा म्हणून मिळत नव्हते, बक्षीस म्हणून मिळत होते. वाट्यावर हक्क असतो, बक्षिसासाठी हात पसरावा लागतो.

बक्षिसे सरकारही देत होते. वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला रोख रक्कम मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात अशा बक्षिसांपायी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. जंगलातली जनावरे आदिवासींनी संपवली असे सहज बोलले जाते. त्यांनी मारली नाहीत असे नाही. पण तीरकमठ्याचा हिशेब मांडताना रायफलीचा, बक्षिसाचा आणि रेल्वेच्या वाघिणींतून गेलेल्या सागाचा हिशेब त्याच पाटीवर मांडला पाहिजे. जंगल तुटले की सांबराला मारायला कोणी लागत नाही.

डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांची त्या काळची स्थिती गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वाचायला मिळते. वेठ म्हणजे बिनमोलाची सक्तीची मजुरी, आणि लग्नगडी म्हणजे लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या घरी जन्माची चाकरी. ज्याचा दिवसच स्वतःचा नाही, त्याची पारध कुठली? मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली आणि वेठीला नकार देण्याचे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाचजण मृत्युमुखी पडले. वेठ मोडली ती या लढ्याने. दिवस परत मिळाला, रान मात्र सरकारकडेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. पुढे १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत असे, आणि सांबर त्या ‘मोठ्या शिकारी’च्या यादीत होते. परवाना, बंदूक, शुल्क परवडणाऱ्याला ती वाट उघडी होती. पाड्यावरच्या माणसाला ती कागदावरही नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून केंद्राने जाहीर केला, तोही जून १९९१ मध्येच.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने १९७२ च्या कायद्याचे ३९ वे कलम सर्वांत महत्त्वाचे. या कलमानुसार शिकार झालेला, एवढेच नव्हे तर मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणीसुद्धा राज्य सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मांसही. असे काही हाती लागले तर ४८ तासांत कळवावे लागते. ‘शिकार कोणाची?’ या प्रश्नाला इतके स्पष्ट उत्तर आपल्या इतिहासात पूर्वी कोणी दिले नव्हते. तीर लागलेल्याची नाही, हाकणाऱ्याची नाही, जमीनमालकाची नाही, पाड्याची नाही. सरकारची, आणि सरकारच्या वतीने सगळ्यांची.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे बरेच जुने हक्क मान्य केले. कसलेल्या जमिनीचा, गौण वनोपजाचा, चराईचा, पाण्यातल्या मासळीचा. ‘परंपरेने उपभोगलेला इतर कोणताही हक्क’ असे एक व्यापक कलमही त्यात आहे. पण त्याच वाक्यात अपवाद घातला आहे, शिकारीचा परंपरागत हक्क सोडून.

हा अपवाद योग्यच आहे, असे आमचे मत आहे. उत्तर कोकणातल्या जंगलाचे जे तुकडे उरले आहेत, त्यांत पारधीला पुरेल इतके सांबर नाही, आणि असते तरी लोकसंख्या १८७८ ची राहिलेली नाही. पण बंदी योग्य म्हणून आधीचा इतिहास गुन्हेगारीचा ठरत नाही. शाळेत वारली चित्र काढणाऱ्या मुलाला त्या शिकाऱ्याविषयी काय सांगायचे, हा प्रश्न डहाणूच्या शिक्षकापुढे रोज उभा असतो. तो चोर होता, असे सांगणार का?

इथे सांबराच्या त्या अमेरिकन भावंडाची गोष्ट आठवते. बाजारात मांस आणि कातडी विकणाऱ्या शिकाऱ्यांनी एल्कची संख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक लाखाच्या खाली आणली होती. तिथेही कायद्याचे उत्तर आपल्यासारखेच आले. वन्य प्राणी जमीनमालकाचा नाही, जनतेच्या वतीने राज्याचा, असे १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढची वाट मात्र वेगळी निघाली. रानातल्या शिकारीचे मांस विकायला बंदी घातली, पण स्वतः मारून घरी खायला आणि नातेवाइकांत वाटायला परवाना ठेवला. परवान्याचे पैसे आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर प्राण्यांच्या संवर्धनासाठी वापरला. आज तिथे एल्क दहा लाखांच्या घरात आहेत, आणि शरद ऋतूत बाप-लेक, मामा-भाचे डोंगरात जाऊन एक एल्क मारतात आणि त्याचे मांस चार घरांच्या फ्रीजरांत वाटून ठेवतात. शेजाऱ्याच्या पोटाची जागा फ्रीजरने घेतली. हा मार्ग आपल्याला चालला असता असे नाही. माणसे कमी आणि रान अफाट असलेल्या प्रदेशाचा तो तोडगा आहे. पण बाजार बंद आणि वाटा चालू, हा भेद तिथल्या कायद्याने केला. आपल्याकडे पाड्यांच्या रीतीत तो होता, कायद्यात आला नाही.

उरलेले वाटे

सांबर गेले तरी वाटे उरले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळांतून मासे उलटे चढतात, त्या वलगणीला सगळा पाडा लोटतो. रात्री बत्त्या घेऊन खेकडे धरायला पोरे जातात. भात कापून झाल्यावर बांधातली बिळे खणून उंदीर काढतात. हे सारे लहान जीव, त्यांचे वाटे घालावे लागत नाहीत, घरातच संपतात. सगळ्या पाड्याने एकत्र वाटून खाण्याचा प्रसंग उरला तो गावदेवाचा. घरटी वर्गणी काढून कोंबडा किंवा बोकड आणायचा, देवापुढे कापायचा आणि घरोघरचे वाटे करायचे. रानातल्या जनावराची जागा पाळलेल्याने घेतली, मांडणी बरीचशी तीच.

आणखी एक वाटेकरी आहे. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत वारली लोक वाघोबाला मानतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर लावलेला, सूर्य-चंद्राच्या चित्रांसह. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या भागातल्या सुमारे दीडशे वाघोबांची नोंद प्रसिद्ध केली. वाघबारशीला त्याला कोंबडा किंवा बोकड मिळतो, आणि त्याने वर्षभर माणसांना व गुरांना सांभाळावे अशी अपेक्षा असते. बिबट्या एखादी शेळी नेतोच. ती त्याच्या वाट्याची गेली, असेही काही ठिकाणी मानले जाते.

आता त्या शेळीची नुकसानभरपाईही मिळते. वनखात्याकडे ठरलेल्या मुदतीत कळवायचे, मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही, पंचनामा होऊ द्यायचा. रानडुकरांनी भात उधळले तरी अर्ज करता येतो. ३९ व्या कलमाने रानाचा मालक सरकारला केले, तेव्हा मालकाच्या जनावरांनी केलेल्या नुकसानीचा हिशेबही सरकारकडेच आला. डहाणू-तलासरीच्या शाळांत आठवी-नववीच्या मुलांना असा एक अर्ज भरून पाहायला द्यावा आणि सोबत घरातल्या जुन्या माणसांना विचारून पारधीच्या वाट्यांचे नियम लिहून आणायला सांगावे. मुंडी कोणाला, कुत्र्याला किती, न आलेल्याला काय, आणि भांडण झाले तर कोणाचा शब्द शेवटचा. ज्यांनी असे वाटे घातले किंवा उचलले, ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.